कफ पिकत नाही, चालत येतो

उज्जैनला गोपाळ मंदिरामागच्या आमच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाशी खोकल्याची साथ ठरलेली. चार दिवसांनी कफ पिवळा झाला की आई म्हणायची, "आता पिकला." मग चिठ्ठी नसतानाही अँटिबायोटिकची गोळी घरात यायची.

'पिकणं' या शब्दात एक जुनी समजूत आहे: घाण जागच्या जागीच तयार होते. नवल म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनमध्ये फिर्खोसारखा थोर विकृतिशास्त्रज्ञही जवळपास हेच मानत होता. पुवातल्या पेशी त्या जागच्याच ऊतीतून जन्मतात, असं तो सांगे. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या कोनहाइमनं १८६७ मध्ये बेडकाच्या पोटातला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि पाहत बसला. बारीक रक्तवाहिनीच्या कडेला पांढऱ्या पेशी रेंगाळल्या, चिकटल्या आणि भिंतीतून अंग चोरून बाहेर पडल्या. पू पिकत नव्हता, रक्तातून चालत येत होता. गुरूचं म्हणणं शिष्याच्या डोळ्यांदेखत मोडलं, आणि शिष्यानं ते लिहून ठेवलं. मला हा क्षण फार मोठा वाटतो.

पण या पेशी येतात कशाला? १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा होता. त्या शत्रू गिळायला येतात, असं त्यानं ओळखलं. पुढे १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या गावन्सनं उंदरांवर दाखवलं की लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तातून लसिकेत आणि पुन्हा रक्तात अखंड फिरत असतात.

उरला प्रश्न वाटेचा. श्वासनलिकेत विषाणू नेमका कुठं आहे, हे टी पेशी नावाच्या लिम्फोसाइटांना कसं कळतं? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी फ्लू झालेल्या उंदरांच्या श्वासनलिकेत डोकावून याचं एक उत्तर शोधलं. आधी न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावतात. चालताना त्यांची लांबलेली शेपटी तुटत जाते आणि मागे बारीक तुकडे राहतात. त्यांत सीएक्ससीएल १२ नावाचं रासायनिक बोलावणं असतं. मागून येणाऱ्या टी पेशी त्या मागावरून जातात. न्यूट्रोफिल काढून टाकले, तेव्हा टी पेशी कमी पोचल्या आणि विषाणू हटायला वेळ लागला.

कफाचा हिरवट-पिवळा रंग बव्हंशी याच न्यूट्रोफिलांचा; त्यांच्यातलं एक लोहयुक्त विकर हिरवं असतं. म्हणून नुसत्या रंगावरून जीवाणू की विषाणू हे ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आमच्याच गावातल्या गार्डी वैद्यकीय महाविद्यालयानं स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेबरोबर अँटिबायोटिकच्या वापराचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. तो विषय आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला मात्र बराच वेळ लागला.

हे सगळं मी आईला सांगितलं. बेडकाचं तिला आवडलं नाही, शेपटीचं फार आवडलं. परवा नातू खोकत होता. रुमालाकडे पाहून तिनं त्याला वाफ दिली आणि मला विचारलं, "आले का गं ते?"