उचलणाराने मागे राहावे

पडलेल्याला हात द्यावा, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण हात कसा दिला म्हणजे ती दया निर्मळ ठरते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यासाठी आज एक दृष्टांत घेऊ. पुराणातला नव्हे बरे का. अमेरिकेतल्या शाळकरी मुलींच्या शर्यतीतला.

तिकडे ओहायो राज्यात २०१२ सालच्या जून महिन्यात हायस्कुलांच्या राज्यपातळीच्या शर्यती कोलंबस शहरी झाल्या. एका मुलीने १६०० मीटरची शर्यत जिंकली. त्याच दिवशी ती ३२०० मीटरलाही उतरली. म्हणजे ४०० मीटरच्या मार्गावर आठ फेऱ्या! अंगातले त्राण सरलेले, ती सर्वांच्या मागे पडली. तिच्या पुढे दुसऱ्या शाळेची मुलगी धावत होती. शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर आली आणि पुढचीचे पाय गळाले, ती कोसळली. मागचीने तिला उठवले, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला, रेषेपर्यंत नेले. आणि रेषेशी तिला पुढे करून आपण मागे राहिली. पडलेली चौदावी, उचलणारी पंधरावी, म्हणजे शेवटची.

आता शंका ऐका. पहिली अशी, की हा नियमभंग झाला. दुसऱ्या धावणाराला आधार दिला तर बाद ठरवावे, असा तेव्हा तिथला नियम होता. पंचांनी कोणाला बाद केले नाही हे खरे. पण नियम तो नियम. ठीक. पण नियम कशासाठी असतो? ज्याचे स्थान त्यालाच मिळावे, उसन्या बळावर कोणी दुसऱ्याला मागे टाकू नये, यासाठी. इथे कोणाचे स्थान हिरावले? जी पुढे होती तीच पुढे राहिली. नियमाचे अक्षर मोडले, हेतू अभंग राहिला.

दुसरी शंका याहून बोचरी. म्हणे, ती शेवटचीच होती, तिचे गेले काय? अहो, गेले नाही कसे? पडलेलीला ओलांडले असते तर शेवटचा क्रमांक टळत होता. एका शर्यतीच्या विजेत्याने त्याच दिवशी दुसरीत शेवटचे यावे, हे कोणाला रुचते? शिवाय बाद होण्याचे भय होतेच.

१९५६ साली मेलबर्नला एक मैलाच्या शर्यतीत जॉन लँडी याने असेच केले होते. रॉन क्लार्क हा तरुण धावपटू पडला, तेव्हा मैलाचा जागतिक विक्रम ज्याच्या नावावर, तो लँडी मागे फिरला, त्याची विचारपूस केली, बाकीचे पुढे निघून गेले, आणि तरीही लँडीने सर्वांना गाठून शर्यत जिंकली. त्या क्षणाचा पुतळा मेलबर्नमध्ये उभा आहे. गोष्ट थोरच. पण ती सांगताना आपली जीभ शेवटच्या विजयाशी घोळते. जणू दयेचे फळ मिळाले! लँडी हरला असता, तर ती दया उणी झाली असती काय? ओहायोच्या मुलीला फळ नाही, म्हणून तिथे दया उघडी दिसते.

सिद्धांत असा: दयेत दोन कामे असतात. एक उचलणे, दुसरे उचललेल्याचे त्याला परत देणे. पहिले आपण पुष्कळ करतो. दुसरे राहून जाते. भावकीतल्या पोराची फी भरतो, आणि लग्नकार्यात चार माणसांदेखत त्याला ते ऐकवतो. विधवेचा खटला मिटवून देतो, आणि पुढे तिच्या घरचा प्रत्येक निर्णय आपल्याला विचारून व्हावा असे म्हणतो. उचलले खरे, पण रेषेशी येताच आपण एक पाऊल पुढे टाकले. उपकार राहिला, दया गेली.

पायी चालणाराला हे वेगळे सांगायला नको. वाटेत थकलेल्याचे ओझे आपण घेतो. मुक्कामी पोचल्यावर ते त्याच्या हाती द्यावे आणि गप्प बसावे. त्याचे ओझे, त्याची वाट, त्याचा मान. आपला फक्त खांदा.