कळणं आणि वळणं

कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे आराधना केली, अशी या क्षेत्राची कथा आहे. आता, इंद्राला धर्म ठाऊक नव्हता असं कुठलाच कथेकरी म्हणत नाही. त्याला कळत होतं, पण वळलं नाही.

माणूस मनाविरुद्ध चुकीकडे का ओढला जातो, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो. विदर्भात हा प्रश्न पानठेल्यावर भेटतो. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना पडतो, घडी घातली जाते, मग पाटीवर घासून घासून खर्रा घोटला जातो. पुडीला रबर लागेपर्यंत शेजारी एक पोरगं उभं असतं. स्वतःसाठी नाही, काकांनी पाठवलंय म्हणून. पुडीवर कर्करोगाचं चित्र असो वा नसो, जबड्याचा कॅन्सर म्हणजे काय हे काकांना माहीत असतं. गावात कुणाचं तरी तोंड दोन बोटांएवढंही उघडेनासं झालेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

काकांना कळूनही वळत नाही, मग शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकावर तंबाखूचे तोटे दाखवून काय साधणार? नुसते तोटे दाखवून फार काही साधणार नाही. रंगीत, हलणारी पाटी ही शेवटी पाटीच.

संवादी सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात अलेक्झांडर प्रोखोरॉव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्पायर’ हा धूम्रपान रोखणारा असाच कार्यक्रम तयार केला. १६ हायस्कुलांतल्या चाचणीत, आधी न ओढणाऱ्या मुलांपैकी १८ महिन्यांनी सिगारेट सुरू केलेली मुलं ‘अ‍ॅस्पायर’च्या गटात १.९ टक्के होती. नेहमीची माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ५.८ टक्के. मुलांच्या उत्तरांप्रमाणे पुढचा धडा बदलत होता, म्हणजे मुलाला उत्तर द्यावं लागत होतं.

ही रीत अमरावतीकडच्या माणसाला नवी वाटू नये. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे सवालजबाबच. बाबा विचारत, समोरचा जनसमुदाय उत्तर देई, आणि दारूचं, कर्जाचं, बोकडबळीचं खोटेपण लोक स्वतःच्याच तोंडाने कबूल करत. कळण्यापासून वळण्याकडे नेणारी वाट बहुधा तिथूनच जाते. दुसऱ्याचा उपदेश कानावरून जातो. आपल्या तोंडून निघालेला शब्द मात्र आपल्याला बांधतो, म्हणून तर संकल्प मोठ्याने उच्चारायचा असतो.

तरीही ह्यूस्टनचा धडा इथे जसाच्या तसा चालायचा नाही. तिथे भीती मित्राच्या सिगारेटची, इथे पुडी घरातूनच ओळखीची होते. २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात, भारतातल्या धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ५२ टक्क्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच ती तोंडात घातल्याचं आढळलं. सहावीचा वर्ग त्यांच्यासाठी उशिराच भरतो.

इथे खरा धर्मप्रश्न उभा राहतो. मोठ्यांची आज्ञा पाळावी, हेही याच मुलाला शिकवलेलं. काकांना नाही म्हणणं उद्धटपणा ठरेल का? आपल्या परंपरेने याचं उत्तर प्रल्हादाच्या रूपाने कधीच दिलंय. बापाचा मान ठेवूनही तो बापाच्या सांगण्याला वळला नाही. काका काही हिरण्यकशिपू नव्हेत, ते प्रेमाचे आहेत. त्यामुळे नकार अधिकच जड जातो.

तेव्हा पडद्यावर दिसायला हवेत ते काका, हातात पैसे घेतलेले. उत्तरं तीन: गपचूप जाणं, खोटं बोलून टाळणं, किंवा “काका, मी नाही आणणार. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायला बंदी आहे.” २००३ च्या कायद्याने ती आहेच, शाळेपासून १०० यार्डांच्या आतही विक्री चालत नाही. मूल चुकलं तर पुन्हा तोच प्रसंग. गीतेने चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले. वैराग्य यंत्र देऊ शकत नाही, अभ्यास मात्र घडवू शकतं.

तोही अर्धाच. दिल्ली-चेन्नईच्या ३२ शाळांपैकी निम्म्या शाळांत ‘मैत्री’ प्रकल्पाने २००४ ते २००६ मध्ये सहावी-आठवीच्या मुलांकडूनच वर्ग चालवून घेतले. तिथे तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला, बाकीच्या शाळांत ६८ टक्क्यांनी वाढला. म्हणून संगणक बंद केल्यावर गुरुजींनी दोघादोघांना समोरासमोर उभं करावं. एक काका, एक पुतण्या. पहिल्यांदा पुतण्याचा आवाज फुटत नाही, तो हसतो, खाली बघतो. मग गुरुजी म्हणतात, “चला, परत एकदा.”