दरोडेखोराचे पुण्य: ‘३:१० टू युमा’चे दोन शेवट

डेल्मर डेव्हजचा ‘३:१० टू युमा’ १९५७ मध्ये पडद्यावर आला. जेम्स मॅनगोल्डने त्याच नावाने तो २००७ मध्ये पुन्हा केला. दोन्ही चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकांचा वाद अभिनय, लांबी, गोळीबार यांवरून सुरू होतो आणि शेवटापाशी येऊन अडतो. अट्टल दरोडेखोर बेन वेड स्वतःच्या पायांनी तुरुंगाच्या गाडीत का चढतो? जुन्या चित्रपटातले त्याचे चढणे बऱ्याच जणांच्या पचनी पडते, नव्यातले अनेकांना मुळीच पटत नाही. वरवर पाहता ही तक्रार पटकथेतल्या कच्च्या दुव्याची आहे. तिच्या तळाशी मात्र ख्रिस्ती धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: वाईट माणसाच्या हातून चांगले कृत्य घडले, तर त्याचे श्रेय कोणाला द्यायचे?

मूळ कथा एल्मोर लेनर्डची. ती १९५३ मध्ये ‘डाइम वेस्टर्न मॅगझीन’मध्ये छापून आली. तिच्यात कैद्याला गाडीपर्यंत पोहोचवणारा माणूस पगारी सरकारी अधिकारी आहे. तो नेमून दिलेले काम करतो, एवढेच. चित्रपटाने त्याच्या जागी डॅन इव्हान्स हा कर्जाने गांजलेला, गुरे पाळणारा ॲरिझोनातला शेतकरी आणला. दुष्काळ पडला आहे, पाण्याचा हक्क विकत घ्यायला २०० डॉलर हवेत, आणि वेडला कन्टेन्शन गावच्या स्टेशनवर नेऊन ३:१०च्या गाडीत बसवले की नेमके तेवढेच मिळणार आहेत. या एका बदलाने पाठलागाच्या गोष्टीचा नीतिशास्त्रातला पेच झाला. पैशासाठी केलेले योग्य काम किती योग्य?

जुन्या चित्रपटाने हा पेच एका हॉटेलच्या खोलीत कोंडला आहे. वेड (ग्लेन फोर्ड) पलंगावर आरामात रेलून बसलेला, डॅन (व्हॅन हेफ्लिन) बंदूक रोखून घामाने निथळत उभा. वेड आवाज न चढवता बोली वाढवत राहतो. खरी परीक्षा पुढे आहे. आयत्या वेळी मदतीला थांबलेला एकमेव माणूस म्हणजे गावचा दारुडा ॲलेक्स पॉटर. वेडची टोळी त्यालाही फासावर लटकवते. मग घोडागाडी कंपनीचा मालक बटरफील्डच डॅनला सांगतो की हे सोडून दे, तुझे पैसे तुला मिळतील. म्हणजे मोबदला हातात आला आणि जबाबदारी संपली. तरीही डॅन निघतो. एका दारुड्याने माणसांना सुखाने जगता यावे म्हणून जीव दिला, त्यानंतर आपण घरी कसे जायचे, एवढेच त्याचे म्हणणे.

इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये हाच फरक मांडला होता. कर्तव्याला धरून घडलेली कृती वेगळी आणि केवळ कर्तव्य म्हणून केलेली वेगळी. लाभ आणि भीती यांचे टेकू काढून घेतले की दोन्हींतला भेद उघडा पडतो. बटरफील्डचा तो प्रस्ताव म्हणजे टेकू काढण्याचीच क्रिया आहे. डॅनच्या हट्टाला मूर्खपणा म्हणणारे प्रेक्षकही भेटतात, आणि त्यांचा व्यवहार चुकीचा नाही. पण मोबदल्याविना चांगुलपणा उभा राहतो का, याची तपासणी चित्रपटाला इथेच करायची आहे.

वेडचे वागणे याच्या अगदी उलट, हिशेबाच्या भाषेत येते. त्याच्या हातून मेलेल्या गाडीवानाचा भाऊ सूड घ्यायला हॉटेलात घुसतो, तेव्हा डॅन वेडचा जीव वाचवतो. शेवटी स्टेशनवर वाफेच्या ढगात दोघे उभे असताना टोळीतले लोक ओरडतात की वेडने खाली पडावे, म्हणजे डॅनला टिपता येईल. वेड पडत नाही. तो डॅनला गाडीत उडी मारायला सांगतो आणि स्वतःही मारतो. कारण विचारले तर उत्तर सरळ आहे: तू मला वाचवलेस, मला कोणाचे देणे ठेवायला आवडत नाही, शिवाय युमाच्या तुरुंगातून मी पूर्वीही पळालो आहे. हे कारण प्रेक्षकाला पटते, कारण त्यात हृदयपरिवर्तन नाही, परतफेड आहे. हॉलिवूडची तेव्हाची नीतिसंहिता गुन्हेगाराला मोकळे सुटू देत नव्हती. ती अट पाळताना पळून जाण्याची खिडकी किलकिली ठेवणे, हा पटकथाकार हॉल्स्टेड वेल्सचा मिस्कीलपणा मानायला हरकत नाही.

हिशेब मिटल्यावर पाऊस येतो. रुळांलगत थांबलेली डॅनची बायको ॲलिस वर पाहते आणि तिच्या चेहऱ्यावर सरी कोसळतात. ज्या पाण्यासाठी डॅन निघाला होता ते आकाशातून फुकट मिळते. काही प्रेक्षकांना हा पाऊस बाळबोध वाटतो: सज्जनाने व्रत पाळले आणि देव पावला. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनात पाऊस नीतिमानांवर पडतो आणि अनीतिमानांवरही. डेव्हजच्या चित्रपटातही तो एकट्या डॅनच्या शेतावर पडत नाही. कैद्याला नेणारी गाडीही त्याच सरींतून जाते. कृपा म्हणजे मजुरी नव्हे, हे पौलाच्या पत्रांपासून लूथरपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. जुन्या चित्रपटाने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. माणसामाणसांत देणेघेणे चालते, कृपा बाहेरून येते.

मॅनगोल्डने पाऊस काढून टाकला आणि दोन्हींचा भार बेन वेडच्या (रसेल क्रो) खांद्यावर टाकला. नवा डॅन (ख्रिश्चन बेल) यादवी युद्धात पाय गमावलेला, सावकाराने नाडलेला, आणि १४ वर्षांच्या विल्यमच्या नजरेतून उतरलेला बाप आहे. त्यालाही आयत्या वेळी सुटकेची मुभा मिळते. तो बायकोमुलांसाठी १,००० डॉलर आणि पाण्याची हमी मागून घेतो, आणि मग जातो. मागे सारे पळाले तेव्हा बाप चालत गेला, हे मुलाने लक्षात ठेवावे, ही त्याची इच्छा. कांटच्या कसोटीवर हे नाणे थोडे हिणकस ठरेल, कारण मुलाच्या मनातला मान हासुद्धा मोबदलाच. पण बापाला मुलासमोर ताठ उभे राहावेसे वाटणे यात कमीपणा काय, असे विचारणारे प्रेक्षक नव्या चित्रपटाच्या बाजूला आहेत, आणि या मुद्द्यावर त्यांची बाजू अधिक माणुसकीची आहे.

नव्या वेडच्या पिस्तुलाच्या मुठीवर क्रूस आहे आणि पिस्तुलाचे नाव ‘देवाचा हात’. बायबल त्याला तोंडपाठ. लहानपणी आईने त्याला स्टेशनवर बसवले, हातात बायबल दिले, हे वाच म्हणाली आणि परत आली नाही. पुस्तक वाचून व्हायला तीन दिवस लागले. आता तो नीतिसूत्रांच्या पुस्तकातली वचने शस्त्रासारखी वापरतो. माणसाला आपला प्रत्येक मार्ग बरोबरच वाटतो, अंतःकरण मात्र परमेश्वर तोलतो, या अर्थाचे २१व्या अध्यायातले वचन तो स्वतःच्या बचावाला लावतो. सत्कृत्यांपासून आपण चार हात दूर राहतो, कारण त्यांची सवय लागत असावी, असेही तो डॅनला सांगतो. सद्‌गुण सवयीने अंगी बाणतो हे ॲरिस्टॉटलचे मत. वेड तेच व्यसनाच्या धोक्यासारखे मांडतो. दोन्ही चित्रपटांतले सर्वांत चांगले लेखन कदाचित याच संवादात आहे.

शेवटी तो गाडीत चढतो, टोळीतला चार्ली प्रिन्स डॅनला गोळ्या घालतो, आणि क्रूसाचे पिस्तूल हातात येताच वेड आपल्याच माणसांना एकामागून एक मारतो. मग पिस्तूल देऊन टाकून परत गाडीत बसतो. असा माणूस थोड्या काळात इतका बदलत नाही, हा मुख्य आक्षेप. समर्थक उत्तरादाखल कारणे मोजून दाखवतात: सोडून गेलेली आई, मुलासाठी झटणारा बाप, पाय युद्धात पराक्रमाने गेला नाही तर आपल्याच बाजूच्या गोळीने गेला ही डॅनने झटापटीत दिलेली कबुली. गंमत अशी की दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात: बदलाला पुरेसे कारण हवे. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार शेवटच्या घटकेला वळतो आणि त्याला स्वर्गाचे वचन मिळते. त्याचे बालपण लूक सांगत नाही. कारण सापडले की ते मानसशास्त्र होते. कृपेला आधीचा पुरावा लागत नाही. मॅनगोल्डची अडचण अशी की त्याला कृपेचा धक्का हवा आहे आणि मानसशास्त्राची सोयही. त्याने बदल अर्धामुर्धा समजावून दिला आहे, आणि खटकतो तो हा अर्धेपणा. वर तो बदल प्रेतांवर उभा असल्याने त्याला पश्चात्ताप म्हणायचे की आणखी एक लहर, हेही संदिग्ध राहते. गाडी सुटल्यावर वेड शीळ घालतो आणि त्याचा घोडा मागे धावू लागतो.

डॅनचा मृत्यू हा दुसरा वादविषय. जुन्या चित्रपटाचे चाहते म्हणतात की त्याला जगवायला हवे होते. ईयोबाच्या पुस्तकात शेवटी सारे दुप्पट परत मिळते, आणि त्या भरपाईने आधीच्या प्रश्नांची धार बोथट झाली असे अनेक वाचकांना वाटत आले आहे. डेव्हजच्या पावसात तोच धोका आहे. तो मॅनगोल्डने टाळला. मात्र त्याचे पाणी कराराच्या कलमातून येते, त्यामुळे हातचे काही सुटलेही.

या साऱ्या चर्चेत विल्यमकडे फारसे कोणी पाहत नाही. बाप डोळ्यांदेखत मेला आहे, वेड समोर आहे, हातात भरलेले पिस्तूल आहे. सूड घेण्याला इतके सबळ कारण चित्रपटात दुसऱ्या कोणाकडे नाही. तो नेम धरतो आणि पिस्तूल खाली घेतो. का, हे पटकथा सांगत नाही. त्याला काही देणे फेडायचे नाही, बदल्यात काही मिळायचेही नाही. तरी हा मुलगा असा कसा वागला, अशी शंका प्रेक्षक काढत नाहीत. पुरावा मागितला जातो तो फक्त दरोडेखोराच्या चांगुलपणाचा.