वर्ग कुणासाठी उघडायचा?

परदेशात फिरायला गेल्यावर गरीब वस्तीतील एखादी शाळा पाहून येण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. सकाळी देवळे, संध्याकाळी बाजार आणि मधल्या तासाभरात शाळा. वह्या-पेन्सिली वाटायच्या, मुलांकडून एखादे गाणे ऐकायचे, फोटो काढायचे आणि निघायचे. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. पैसा स्वतःचा, नीयत साफ, मुलेही हसत असतात. आम्ही पेशाने शिक्षक, तेही उर्दू माध्यमाच्या शाळेतले. आम्हाला प्रश्न नीयतीचा वाटत नाही, परवानगीचा वाटतो. चालू वर्गाचे दार परक्या माणसासाठी उघडण्याचा हक्क नेमका कोणाचा?

पाहुणे आमच्याही शाळेत येतात. दप्तरे वाटायला येतात, कधी नुसतेच पाहायला येतात. ते यायच्या आदल्या दिवशी फळा रंगवला जातो, स्वागतगीत बसवले जाते. पाहुण्यांना उशीर होतो, मुले उन्हात रांगेत उभी राहतात आणि गणिताचा तास बुडतो तो बुडतोच. एकदा एका पाहुण्याने फोटोसाठी पुढच्या रांगेत कोणाला उभे करायचे ते स्वतःच ठरवले. ज्यांच्या पायात चप्पल नव्हती, नेमकी तीच मुले त्याने पुढे घेतली. त्यातल्या एका मुलीने ओढणी तोंडावर ओढून घेतली. नववीतल्या मुलीला गैरत असते, हे ज्याला कळत नाही त्याने शाळेत कशाला यावे?

हे सारे डोक्यात असतानाच एका मे महिन्याच्या सुटीत आम्ही पाच शिक्षक पैसे साठवून कंबोडियाला गेलो. या देशात शाळा ही साधी गोष्ट नाही. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने शाळा बंद पाडल्या. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू असे ठरले आणि बहुसंख्य शिक्षक मारले गेले किंवा देशाबाहेर पळाले. नोम पेन्हमधील तुओल स्लेंग हे छळकेंद्र मुळात एक हायस्कूल होते. आज तिथे संग्रहालय आहे. वर्गखोल्यांत विटांच्या अरुंद कोठड्या अजून उभ्या आहेत. शिक्षकाने तिथे फार वेळ थांबू नये. १९७९ नंतर ज्यांना थोडेफार लिहितावाचता येत होते त्यांनीच इतरांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून आजच्या शाळा उभ्या राहिल्या. अजूनही बऱ्याच ठिकाणी शाळा अर्ध्या दिवसाच्या पाळीत भरते. उरलेल्या अर्ध्या दिवसात अंगकोर वाटच्या आवारात काही मुले पोस्टकार्डे विकताना दिसतात. आपण दया येऊन विकत घेतो. विक्री बरी झाली की घरच्यांना शाळेची पाळीही जड वाटू लागते.

जवळच तोनले साप नावाचे विशाल तळे आहे. त्यावर तरंगती गावे आहेत, तरंगत्या शाळाही आहेत. नावाडी वाटेत दुकानापाशी होडी थांबवतो, शाळेतल्या मुलांसाठी तांदूळ किंवा वह्या घ्या म्हणतो. भाव भलताच चढा असतो आणि विकत घेतलेले पोते पुन्हा दुकानातच परतते अशा तक्रारी कितीतरी प्रवाशांनी केल्या आहेत. पण फसवणूक नसती तरी आमची शंका मिटली नसती. या पाण्यावर राहणाऱ्यांत व्हिएतनामी वंशाची पुष्कळ कुटुंबे आहेत. कित्येक पिढ्या तिथे काढूनही त्यांच्यातील अनेकांकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत. मुलाचा जन्मदाखला नाही, म्हणून सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण. म्हणजे त्या मुलाची अडचण वहीची नाही, कागदाची आहे. कागद नसणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तासाभराच्या भेटीत पाहुण्याला फाटका सदरा दिसतो, न मिळालेला दाखला दिसत नाही.

अनाथालयांचे तर याहून विपरीत झाले. २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियातील अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. तिथल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते, असे युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत २०११ साली समोर आले. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून ‘यतीम’ तयार होतात! त्याच वर्षी ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने मुले म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, असे सांगणारी मोहीम तिथे सुरू केली. शाळा आणि अनाथालय एक नव्हेत, हे मान्य. पण दोन्हीकडे नेणारा वाटाड्या एकच आणि कॅमेराही तोच.

सदका देऊन उपकार बोलून दाखवू नयेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. फोटो म्हणजे तरी दुसरे काय असते? बोलून दाखवलेला उपकार माणूस एखादेवेळी विसरेल, फोटो विसरू देत नाही.

सिएम रीपमध्ये चाम मुसलमानांची वस्ती आहे, मशीद आहे, हलाल खाणावळी आहेत. ख्मेर रूजने या चाम लोकांचा वंशसंहार केला, असा निवाडा २०१८ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने दिला. १९९० नंतर मलेशिया, कुवेत, सौदी अशा देशांतून मदत येऊन त्यांच्या मशिदी आणि मदरसे पुन्हा उभे राहिले. हा इतिहास कळल्यावर आमच्यातील एक आपा म्हणाल्या, “इथे तरी वर्गात जायला काय हरकत आहे? आपण परके थोडेच?” आम्हाला हा मुद्दा सर्वांत अवघड वाटला. बिरादरीच्या नावाखाली आपण जेवढी सलगी करतो तेवढी पर्यटकही करत नाही. परका निदान विचारतो तरी.

आम्ही वर्गात गेलो नाही. मगरिबनंतर मशिदीच्या ओट्यावर तिथल्या एका शिक्षकाची गाठ पडली. सकाळी सरकारी शाळा, संध्याकाळी मुलांना कुरआन शिकवणे असा त्यांचा दिवस. मोडके इंग्रजी आणि अधूनमधून अरबी शब्द यांवर बोलणे चालले. वर्गात मुले किती, पगार वेळेवर होतो का, पेन्शन मिळते का, हे त्यांनीच आधी विचारले. भेटी देणाऱ्यांमुळे शाळेला बाके मिळाली, हेही त्यांनी स्वच्छपणे सांगितले. बाके नकोत असे कोण म्हणेल? मग म्हणाले, “मी हिंदुस्थानात आलो तर तुमच्या वर्गात बसू द्याल?”

आधी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र लागेल, मग मुख्याध्यापकांची संमती, आणि फोटो काढता येणार नाहीत, असे आम्ही सांगितले. ते मोठ्याने हसले आणि चहा मागवला. आपांनी पर्समधल्या पेन्सिली काढून त्यांच्याकडे दिल्या, उद्या वाटा म्हणून. त्यांनी त्या घेतल्या. परतीच्या वाटेवर आमच्यात यावरून पुन्हा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.