सिलिंडरची ओळ

“सर, सिलिंडर घरचा आहे. लिहू का?”

नववीचा वर्ग, शनिवारचा शेवटचा तास. गोवंडीच्या बाजूची एक शाळा. पहिल्या बाकावरच्या मुलीनं आईच्या चपात्यांचा हिशेब मांडायला घेतला होता. आई रोज दीडशे चपात्या लाटते आणि दोन पोळी-भाजी केंद्रांना चार रुपयांना एक अशा देते. वहीत आडव्या रेघा मारून झाल्या होत्या. पीठ सहा किलो, २४० रुपये. तेल, मीठ, पिशव्या मिळून ४०. पुढच्या ओळीवर पेन थांबलं. हॉटेलांना माल द्यायचा तर एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असतो, घरच्या चौदा किलोवाल्यावर धंदा चालत नाही, हे तिला माहीत होतं. शेजारच्या दोन मुलीही लिहायच्या थांबल्या. त्यांच्याही घरी हेच.

मी म्हटलं, पेन्सिलीनं लिही. सिलिंडर पंधरा दिवस पुरतो, म्हणजे दिवसाला साधारण ६० रुपये. एकूण खर्च ३४०, विक्री ६००. तिनं खाली “नफा २६०” लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. वर्गात जरा खुशीची कुजबुज झाली. मग मी विचारलं, हातांचे किती धरलेस? आई पहाटे साडेचार ते नऊ. हिचा गोळे करायला एक तास. डबा पोचवायला भावाचा एक. साडेसहा तास. भागाकार फळ्यावर तिनंच केला. तासाला चाळीस रुपये. खडू हातात ठेवून ती म्हणाली, “म्हणजे हा नफा नाहीच ना सर. पगार आहे. तोपण कमी.”

बँकेत तेहतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. नफा आणि स्वतःची मजुरी यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगणारा कर्जदार मला कधी भेटला नाही.

आपल्याकडे ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हा विषय दिवाळी अंकांना चकलीसारखा लागतो. त्याचंच धाकटं भावंड आता शाळेत आलं आहे: विद्यार्थ्यांना उद्योजक बनवा. वार्षिक समारंभाला पाहुणे येतात आणि ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ असं सांगून जातात. अशाच एका भाषणानंतरच्या शनिवारी मी विचारलं, घरच्या धंद्यात किंवा पीसवरच्या कामात हात लावणारे किती? बेचाळीसपैकी एकतीस हात वर आले. जरीकामाच्या फ्रेम, भंगारातलं प्लास्टिक निवडणं, भजीची गाडी, इमिटेशन ज्वेलरीत खडे बसवणं. या पोरांना उद्यमशीलता शिकवायला निघालेल्या माणसानं आधी थोडं लाजावं.

मग शाळेनं काय शिकवायचं? माझं उत्तर साधं आहे. घरात जो धंदा चाललाय तो कागदावर आणायला शिकवायचं. तो कागदावर आला की त्यात काय दिसतं आणि काय लपवावं लागतं, तेही वर्गात बोलायचं. स्वप्नं त्यांची त्यांना पडतातच.

या विषयातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट न्यू यॉर्कची. स्टीव्ह मॅरिओटी हे आधी फोर्ड कंपनीच्या वित्त विभागात होते, मग न्यू यॉर्कमध्ये स्वतःचा छोटा आयात-निर्यातीचा धंदा. एकदा धावायला गेले असताना काही पोरांनी त्यांना मारहाण करून खिशातले थोडेसे डॉलर काढून घेतले. त्या पोरांबद्दलचं कोडं सुटेना, म्हणून १९८२मध्ये ते शाळामास्तर झाले, तेही ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट या गरीब, मुख्यतः काळ्या वस्तीत. वर्ग त्यांच्या अंगावर यायचा. एके दिवशी वैतागून ते बाहेर गेले, परत आले आणि स्वतःच्या हातातलं घड्याळ मुलांना विकायला लागले. पोरं गप्प होऊन ऐकू लागली. हे घड्याळ घाऊक कितीला, किरकोळ कितीला, मधले पैसे कुणाचे? पुढे १९८७मध्ये त्यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना उद्योजकता शिकवणारी संस्था काढली, ती आज कितीतरी देशांत पोचली आहे.

शेकडो वेळा सांगितलेल्या गोष्टीला असतो तसा हिलाही गुळगुळीतपणा आला आहे. तरी घड्याळाचा तपशील मला पटतो. मुलं उद्योजकतेच्या महतीनं गप्प झाली नव्हती. घाऊक आणि किरकोळ यांच्या मधल्या फटीत किती पैसे असतात हे मोठ्या माणसानं त्यांना पहिल्यांदाच उघड करून सांगितलं होतं. घरी कुणी सांगत नाही, कारण घरच्यांनाही ते वरच्या माणसानं सांगितलेलं नसतं. खडे बसवणाऱ्या बाईला पीसचा भाव माहीत असतो. तोच हार मालाडच्या दुकानात कितीला जातो, हे तिला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट ब्राझीलच्या रेसिफे शहरातली आणि तिच्यात मास्तरांची फजिती आहे. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. १९८५मध्ये ते काम छापून आलं. बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकायचा, एक ३५ क्रुझेरोला. चार नारळांचे किती? त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, त्यात तीस मिळवले, मग पाच, आणि १४० सांगितले. त्याच मुलाला नंतर कागदावर पस्तीस गुणिले चार दिलं. उत्तर आलं २००. हातचे दोन आधीच तिनात मिळवून मग त्यानं गुणलं. मुलांची रस्त्यावरची उत्तरं ९८ टक्के बरोबर होती. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के.

हे लांबचं वाटत असेल तर कोलकात्याला आणि दिल्लीला या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचं काम २०२५च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये आलं. बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना त्यांनी तपासलं. सुटे पैसे, पाव-अर्धा किलो, दोन वस्तूंची बेरीज हे सगळं ही मुलं तोंडी करत होती आणि पाठ्यपुस्तकातल्या सोप्या भागाकाराला अडत होती. उलट, बाजाराचा वारा न लागलेल्या शाळकरी मुलांना वहीतलं जमत होतं, पण बाजारातला हिशेब तोंडी जमत नव्हता. एकाच शहरात दोन गणितं आणि त्यांच्यामध्ये साकव नाही.

धारावीसारख्या ठिकाणी ही फट फार महागात पडते. कुंभारवाड्यातली चाकं, चामड्याच्या पिशव्या, तेरा कंपाउंडमधलं भंगार: जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये एवढे धंदे चालतात की उद्योजकतेच्या अभ्यासकांनी तिथं शिकवायला नाही, शिकायला जावं. पण हा सगळा हिशेब डोक्यात असतो. आणि डोक्यातल्या हिशेबावर बँक कर्ज देत नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण असे अर्ज मीच परत पाठवले आहेत. समोर बसलेल्या बाईचा धंदा पक्का चालतोय हे मला दिसायचं. माझ्या नमुन्यात मात्र ‘मागील दोन वर्षांचे हिशेब’ असा रकाना होता, आणि तो रिकामा. शनिवारचा तास मी कशासाठी घेतो, याचं उत्तर त्या रकान्यात आहे.

हिशेबाचा हा आग्रह नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, त्याला लागूनच हिशेब, मग इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती. हिशेब इतका वर आहे याचं नवल वाटायला नको. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. कागद वाचता न येणाऱ्याला कागद कसा नाडतो हे त्यांनी कंत्राटदाराच्याही बाजूनं पाहिलेलं होतं.

आता दिल्लीकडे येतो, कारण आपल्या देशात शाळेत उद्योजकता शिकवण्याचा प्रयोग एवढ्या मोठ्या प्रमाणावर तिथंच झाला. सरकारी शाळांत २०१९पासून नववी ते बारावीला उद्योजकतेचा तास आला आणि २०२१मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २००० रुपये बीजभांडवल देण्याची योजना सुरू झाली. सुमारे तीन लाख मुलं गट करून त्यात उतरली. निवडक गट टीव्हीवर गुंतवणूकदारांसमोर उभे राहिले. २०२५मध्ये सरकार बदललं, योजनेलाही नवं नाव आलं. ते आपल्याकडे चालतंच.

या योजनेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते: मुलांना खरे पैसे दिले. खोट्या नोटांनी दुकान-दुकान खेळून धंदा कळत नाही. खिशात दोन हजार असले की रात्री झोप लागत नाही, आणि तो धडा कुठल्याही पुस्तकात नाही. टीव्हीचा भाग मात्र मला खटकतो. पडद्यावर आलेल्यांच्या मागे जे हजारो गट बुडाले, त्यांचे हिशेब वर्गात वाचले जायला हवेत. खरा अभ्यासक्रम तिथं आहे. मेणबत्त्या का खपल्या नाहीत? उधारी कुणाकडे अडकली? घरात दुखणं आलं तेव्हा बीजभांडवल औषधात गेलं, ते खर्चाच्या कुठल्या खान्यात टाकायचं?

नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात अशाच ‘विद्यार्थ्यांची कंपनी’ उपक्रमाची काटेकोर तपासणी झाली. निष्कर्ष २०१०मध्ये आले. मुलांची कौशल्यं त्यांच्या स्वतःच्या मते वाढली नव्हती, आणि धंदा करण्याची इच्छा चक्क कमी झाली होती. यावर पुष्कळांनी कपाळाला हात लावला. मला यात फारसं वाईट दिसत नाही. कंपनी चालवून पाहिल्यावर एखाद्याला कळलं की हे आपलं काम नव्हे, तर ते कळणं स्वस्तात पडलं. गरिबाच्या मुलाला हीच गोष्ट पंचविसाव्या वर्षी, बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्यावर कळते.

टोगो देशातल्या लोमे शहरातला एक प्रयोग मात्र माझ्या वहीला चपराक आहे, तोही सांगून टाकतो. तिथल्या पंधराशे छोट्या धंदेवाल्यांपैकी काहींना हिशेब-विपणनाचं नेहमीचं प्रशिक्षण दिलं, काहींना स्वतःहून पुढाकार घेणं, अडचणीतून वाट काढणं असलं मनाचं प्रशिक्षण. २०१७च्या निष्कर्षांत दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. पहिल्याचा ११ टक्के, आणि तोही छातीठोकपणे सांगता येईल असा नाही. म्हणजे नुसत्या रेघा मारून भागत नाही. पण ती मोठी माणसं होती, धंद्यात मुरलेली. चौदा वर्षांच्या मुलीला पुढाकार शिकवायचा तर आधी कशाबद्दल पुढाकार घ्यायचा ते दिसावं लागतं. तिला ते भागाकारात दिसलं.

एक भीती या विषयाला चिकटून असते. धंदा शिकवता शिकवता आपण बालमजुरीला शाबासकी तर देत नाही ना? कायदाच इथं घसरडा आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हात लावायची मुभा आहे, धोक्याची कामं सोडून. ‘हात लावणं’ कुठं संपतं आणि काम कुठं सुरू होतं हे कोण मोजणार? म्हणून मी वर्गात मुलांचे स्वतःचे तास लिहायला लावतो, आईबापांच्या तासांशेजारी, वेगळ्या रकान्यात. एका मुलाच्या रकान्यात आठवड्याचे सव्वीस तास आले. त्यानं ते घरी दाखवले की नाही, मी विचारलं नाही.

कायद्यातल्या कामाच्या गोष्टीही सांगतो. अठरा वर्षांखालच्याला करार करता येत नाही, पण दहा वर्षं पूर्ण झालेल्याला बँकेत स्वतःचं बचत खातं चालवता येतं. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या छोट्या माणसाला अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत मिळते. शंभर रुपये ऐकून मुलं हसली. नाक्यावर त्याहून जास्त जातात.

चपात्यांचं पुढे काय झालं ते राहिलं. मुलीनं वही घरी नेली. आईनं केंद्राच्या मालकाकडे चपातीमागे पन्नास पैसे वाढवून मागितले. तो म्हणाला, परवडत नसेल तर सोडा, गल्लीत दुसरी आहे. सोमवारपासून पुन्हा चार रुपयेच. पुढच्या शनिवारी मुलीनं हे सगळं वर्गात सांगितलं, आवाज न चढवता, आणि मला हुकमी उत्तर नव्हतं. उत्तर मागच्या बाकावरून आलं: “त्या गल्लीत लाटणाऱ्या आहेत तरी किती?” दोघी-तिघींनी बोटं मोजली. अकरा.

मग मी त्यांना गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांबद्दल सांगितलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका किराणेवाल्याच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारात नेलं. एकटीला नाही म्हणणाऱ्या बँकेनं गटाला हो म्हटलं. आमच्या पाठ्यक्रमात, म्हणजे मी एका शाळेपुरत्या लिहिलेल्या बारा पानांत, गटाचा धडा नव्हताच. उद्योजक एकटा असतो असं मीही गृहीत धरलं होतं.

अकराजणींपैकी सातजणी त्या मुलीच्या खोलीत एकदा जमल्या. मला बोलावलं नव्हतं. मुलीनं सगळ्यांचा हिशेब त्याच वहीत, एकाखाली एक, मांडला आहे. तासाला बत्तीसपासून सत्तेचाळीसपर्यंत आकडे आहेत. भाव वाढलेला नाही. पिठाचं पोतं मात्र आता सातजणींत मिळून येतं, त्यात किलोला तीन रुपये सुटतात. वही परवा तपासायला आली होती. सगळं निळ्या पेनानं, नीट लिहिलेलं. प्रत्येकीच्या हिशेबात सिलिंडरची ओळ तेवढी पेन्सिलीत आहे.