परत गेल्यावर बघू

अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या मराठी घरांत तब्येतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आता इथं कुठं जमतंय, परत गेल्यावर बघू." पुण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट, सकाळची टेकडी, वेळेवर जेवण, प्राणायाम, सगळं त्या 'परत गेल्यावर'च्या खात्यात जमा होत राहतं. बोलणारा माणूस चाळिशी-पंचेचाळिशीचा असतो. रिपोर्टमध्ये साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली असते, कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकलेला असतो. त्याला सगळं कळत असतं, आणि तरीही तो पंधरा वर्षांनंतरच्या एका सकाळवर हवाला ठेवून आजचा दिवस ढकलतो.

जीवनशैलीच्या आजारांवर हल्ली औषधाबरोबर 'हेल्थ कोच' सुचवला जातो. डॉक्टरने निदान करायचं आणि कोचने आठवड्यामागून आठवडा माणसासोबत राहून सवयी बदलायला मदत करायची, अशी ही विभागणी. मला ती मनापासून पटते. पण या बेटावरच्या आपल्या माणसांसाठी ती उपयोगी पडायची असेल, तर कोचला कॅलरी आणि पावलं मोजण्याआधी त्या एका वाक्यापाशी थांबावं लागेल. ज्याला आपण इथं तात्पुरते आहोत असं वाटतं, तो इथल्या शरीरालाही तात्पुरतंच समजतो.

सोयींची इथं वानवा नाही. वीसेक वर्षांपूर्वी जवळपास मोकळ्या असलेल्या या बेटावर आज टॉवर्सची रांग आहे, सॉर्बोनचं विद्यापीठ आहे, उद्यान आहे, मोठा मॉल आहे. पूल ओलांडला की अल मरिया बेटावर 2015 पासून क्लीव्हलँड क्लिनिक आहे. अबू धाबीच्या आरोग्य विभागाने 2024 मध्ये निरोगी दीर्घायुष्यासाठीचं वैद्यकीय केंद्र म्हणून पहिला परवाना दिला, तो रीमवरच्याच 'इन्स्टिट्यूट फॉर हेल्दियर लिव्हिंग' या संस्थेला. बहुतेक टॉवर्समध्ये जिम आणि पोहण्याचा तलाव लिफ्टच्या एका बटणावर असतो.

आणि दिवस कसा जातो? फ्लॅटच्या दारातून लिफ्ट, लिफ्टमधून पार्किंग, गाडीतून ऑफिसचं पार्किंग, पुन्हा लिफ्ट. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवेत दमटपणा, त्यामुळे चालायचा विचारही कुणी करत नाही. संध्याकाळी परतताना कॅफेटेरियासमोर गाडी थांबते, हॉर्न वाजतो आणि पोऱ्या कागदी कपातला करक घेऊन काचेपाशी येतो. वेलचीचा, दाट दुधाचा, गोडमिट्ट चहा. सोबत एखादा पराठा रोल. घरी पोचेपर्यंत भूक मेलेली असते, म्हणून जेवण दहाला. हा माणूस आळशी आहे असं मला वाटत नाही. त्याच्या दिवसाचा सगळा उतारच त्या दिशेला आहे.

माहिती दिली की माणूस बदलतो, हा आपल्या वैद्यकाचा जुना भाबडा विश्वास. त्याचं सर्वांत प्रामाणिक खंडन मराठीतच झालंय. डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये हृदयविकाराचा झटका आला. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेची उभारणी केलेला, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकलेला हा डॉक्टर. हृदयाला काय घातक असतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक कितीतरी मराठी घरांत वाचलं गेलं ते मला वाटतं याच कारणाने : ज्ञान असलेला माणूसही स्वतःच्या जगण्याकडे पाहायला किती उशीर करतो, हे त्यात एका डॉक्टरनेच सांगितलं होतं. आहार, व्यायाम, ध्यान आणि नात्यांची जवळीक यांचा मेळ घालणारी डीन ऑर्निश यांची पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोचली, तीही बऱ्याच अंशी या पुस्तकामुळे.

मग बदल घडतो तो कशाने? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. ज्यांना जीवनशैली बदलायला मदत मिळाली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. उद्दिष्टं साधी होती : वजन सात टक्क्यांनी उतरवायचं, आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. ही उद्दिष्टं कुठल्याही डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिली असती. फरक पडला तो प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या माणसामुळे. 'लाइफस्टाइल कोच' हा शब्द त्या अभ्यासात अधिकृतपणे वापरला गेला. सोळा धडे समोरासमोर बसून व्हायचे आणि पुढेही भेटी चालू राहायच्या.

भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग 531 जणांवर केला आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. फायदा इथंही झाला, पण घट 28.5 टक्के. आपल्याकडे काहीतरी अधिक बिकट आहे. नुसता सल्ला मिळालेल्या गटातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांतच मधुमेह झाला होता, आणि हे लोक अमेरिकेतल्यांपेक्षा तरुण आणि सडपातळ होते. या बिकटपणाचा एक धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडला. 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. रीमवरच्या टॉवरमधला आपला माणूस आरशात पाहून "मी कुठं जाड आहे?" म्हणतो, तेव्हा त्याने हा फोटो आठवावा. परत जाण्यासाठी राखून ठेवलेली पंधरा वर्षं त्याच्या स्वादुपिंडाकडे असतीलच असं नाही.

उपदेश न करता माणसाला बोलतं करण्याची जी पद्धत कोचिंगमध्ये वापरतात, तिचा उगम व्यसनमुक्तीत आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी कसं बोलावं यावर एक निबंध लिहिला, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती पद्धत विकसित केली. त्यांचं निरीक्षण असं : तुम्ही जितका जोर लावून 'सोड' म्हणाल, तितका समोरचा न सोडण्याची कारणं सांगत जातो, आणि स्वतःच्याच तोंडची कारणं त्याला पटत जातात. म्हणून कारणं त्याच्याकडून यायला हवीत, पण बदलण्याची. ऐकणाऱ्याने ती ओळखायची, उचलून धरायची आणि मध्ये उपदेश करायचा नाही.

यात मराठी माणसाला परकं वाटावं असं काही नाही. पुण्यात 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं पूर्वी स्वतः व्यसनात बुडालेली माणसं पुढे कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. येणाऱ्याला गुन्हेगार न मानता आजारी मित्र मानायचं, हा तिथला शिरस्ता. आणि मुक्तांगणने आणखी एक गोष्ट ओळखली, जिच्याकडे आजच्या चकचकीत कोचिंगचं पुरेसं लक्ष नाही : व्यसन एकाचं असलं तरी ते सोसणारं घर अख्खं असतं. म्हणून तिथं पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. नवऱ्याला सुधारण्याच्या कामावर त्यांना जुंपायचं, एवढ्यापुरता तो नाही. त्यांनाही आपलं बोलायला जागा हवी, म्हणून तो आहे.

आता रीमवरच्या एखाद्या कोचिंगच्या बैठकीची कल्पना करा. कोच मराठी आहे, समोर पंचेचाळिशीतला इंजिनिअर.

"रात्रीचं जेवण किती वाजता होतं?"

"दहा. कधी सव्वादहा."

"लवकर झालं तर बरं, असं तुम्हालाच वाटतं म्हणालात. कशाने अडतं?"

"मी पावणेआठला घरी येतो. मुलाचा क्लास नऊला सुटतो. सगळे एकत्र जेवतो, तेवढीच एक वेळ मिळते."

"वहिनींचं काय म्हणणं आहे?"

तो थोडा थांबतो. "तिला विचारलं नाही कधी. ती म्हणेल, तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक कधी करू?"

खरा प्रश्न इथं सुरू होतो. त्याच्या फोनमध्ये जेवणाची नोंद ठेवणारं ॲप आहे, पण ताटात काय पडणार आणि केव्हा, हे त्या ॲपला विचारून ठरत नाही. भात कमी करायचा तर कुकर लावणाऱ्या हाताला ते आधी कळायला हवं. तीही बहुतेक वेळा नोकरी करत असते, आणि "यांना डॉक्टरांनी सांगितलंय" या तीन शब्दांनी तिच्या कामात एका भाजीची आणि एका वेळेची भर पडते. शिवाय गावाहून आलेला पाहुणा बॅगेतून बाकरवडी, चिवडा आणि बेसनाचे लाडू काढतो, तेव्हा नको म्हणणं म्हणजे सासूबाईंच्या मायेला नको म्हणणं. पाश्चात्त्य पद्धतीत बदल हा व्यक्तीचा निर्णय मानला जातो. आपल्या घरात तो सामाईक खात्यातला व्यवहार आहे. दोन सह्या लागतात. म्हणून माझा आग्रह आहे की निदान पहिल्या काही बैठकांना खुर्च्या दोन असाव्यात. आणि पत्नीला 'सपोर्ट' म्हणून न बोलावता तिच्या तब्येतीचं काय, हेही त्याच बैठकीत विचारलं जावं. तिचं हिमोग्लोबिन, तिचे गुडघे, तिची झोप यांची फाइल बहुतेक घरांत उघडलेलीच नसते.

तरी हे घराचं झालं. 'परत गेल्यावर'चं काय?

परदेशातल्या नोकरीत माणूस वर्तमानाकडे गुंतवणूक म्हणून पाहायला शिकतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी कराराला. घर भाड्याचं, म्हणून भिंतीला खिळासुद्धा विचारून ठोकायचा. अशा जगण्यात 'आत्ता' म्हणजे पैसे साठवण्याचा काळ, आणि जगायचं नंतर. या हिशेबात सगळं पुढे ढकलता येतं, हौस, छंद, मैत्रीसुद्धा. शरीर तेवढं ढकलता येत नाही. सवय रोजच्या ठिकाणी, रोजच्या वेळी, रोजच्या खुणांवर रुजते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागलेले दिसले. पण कुणाला 18 पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. आखाती मराठी कुटुंबाच्या वर्षात असे सलग दिवस शोधून काढावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणं, तिथली पंगत, परत आल्यावरचा उकाडा, मग गणपती, मग दिवाळी. याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे आपल्या माणसांना कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. कारण गावाहून परतल्यावर "सगळं मोडलं, आता पुढच्या वर्षी" हे वाक्य 'परत गेल्यावर बघू'चंच धाकटं भावंड आहे.

चांगला कोच इथं काय करेल? मला वाटतं, तो त्या परतीच्या स्वप्नाची थट्टा करणार नाही. ते स्वप्न नीट ऐकेल. टेकडी कुठली, सोबत कोण, किती वाजता. मग विचारेल, त्यातलं या आठवड्यात काय आणता येईल? टेकडी नाही, पण टॉवरचे चार मजले जिन्याने चढता येतील. सकाळची फेरी जुलैत बाहेर नाही, तर मॉलच्या गार वातावरणात होईल. नोव्हेंबरपासून मात्र इथली हवा इतकी सुरेख असते की पाण्याकाठी न चालणं हाच अपराध वाटावा. करक सुटत नसेल तर रोजच्या एकाचा अर्धा करता येईल. माणूस स्वतःच्या तोंडाने "बुधवारी आणि शनिवारी" म्हणाला, तर ते टिकण्याची शक्यता मला डॉक्टरच्या "रोज एक तास"पेक्षा कितीतरी जास्त वाटते.

एका गोष्टीने मात्र मन खट्टू होतं. ही सगळी चर्चा टॉवरच्या वरच्या मजल्यांची आहे. खाली लॉबीत तासन्‌तास उभा असलेला सिक्युरिटीवाला, उन्हातून मोटारसायकलवर आपलं जेवण आणणारा डिलिव्हरीवाला, यांची रक्तातली साखर आपल्याहून वेगळ्या नियमाने वाढत नाही. त्यांच्या 'परत गेल्यावर'मध्ये तर मुलीचं लग्न आणि घराचं छप्परही असतं. त्यांना तासाच्या दराने कोच परवडणार नाही. पण रामचंद्रन यांचाच 2013 मधला दुसरा अभ्यास इथं आशा देतो. नोकरी करणाऱ्या 537 पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं मोबाइलवर आहार-व्यायामाचे साधे संदेश नियमित पाठवले गेले. मधुमेहाचा धोका त्यांच्यात 36 टक्क्यांनी कमी झाला. ते संदेश प्रत्येकाच्या तयारीनुसार बेतलेले होते : कुणी अजून विचारातच आहे, कुणी सुरुवात केली आहे. स्वस्तातली सोबतही सोबतच ठरली.

म्हणून मला वाटतं, आपल्या इथल्या मंडळांनी हे काम हातात घ्यावं. गणेशोत्सवात आरोग्य शिबिर भरतं, रक्त तपासलं जातं, कागद हातात पडतो आणि गोष्ट तिथंच थांबते. त्या कागदानंतरचे सहा महिने महत्त्वाचे. प्रशिक्षण घ्यायला तयार असलेली आठ-दहा माणसं मिळाली, त्यात मुक्तांगणसारखीच स्वतः साखर काबूत आणलेली दोन-तीन असली, तर प्रत्येकाने पाच घरं वाटून घ्यावीत. दर आठवड्याला मराठीतून एक फोन, नवरा-बायको दोघांशी. आणि प्रत्येकाच्या यादीत एक नाव लॉबीतलं असावं, त्याच्याशी हिंदीत, मल्याळीत, नेपाळीत, जी भाषा जमेल तीत. सुरुवात नोव्हेंबरात करावी, म्हणजे मार्चअखेरपर्यंत हवेची साथ मिळते.