एकट्याचा बँड

एमिट ऱ्होड्स हे नाव आज रॉकचे दर्दी म्हणवणाऱ्यांतही फार थोड्यांना आठवतं. १९७० च्या अखेरीला त्याच्याच नावाची एलपी आली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. लॉस एंजेलिसजवळ हॉथॉर्नला आईवडिलांच्या घरामागे एक शेड होती. तिथे चार ट्रॅकचं टेपयंत्र मांडून ड्रम, बास, गिटार, पियानो सगळं त्यानं स्वतः वाजवलं, आणि गायलाही तोच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनीचाही असाच, बहुतेक सगळं एकट्यानं वाजवलेला अल्बम आला होता. त्यामुळे ऱ्होड्सला ‘एकटा बीटल’ ठरवून लोक मोकळे झाले. मला विचाराल तर ऱ्होड्सची तबकडी जास्त नेटकी आहे. पण मॅकार्टनीशी कुणाची तुलना सुरू झाली की दुसऱ्याचं ऐकायचं राहूनच जातं.

मला कुतूहल आहे ते त्या शेडमधल्या साथीचं. आपल्या मैफलीत तबलजीचं लक्ष गवयाच्या चेहऱ्याकडे असतं. गवयानं जरा लय ओढली की ठेका सावरून घेतो. ऱ्होड्सला सावरून घ्यायला कुणी नव्हतं. आधी एक वाद्य टेपवर घ्यायचं, बाकीचं गाणं तेव्हा फक्त डोक्यात. मग तेच ऐकत त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. म्हणजे साथीला कोण, तर परवाचा आपणच. आणि परवाचा आपण कुणाचं ऐकत नाही. तिथे घाई झाली असेल तर आज गिटारनंही घाई करायची, नाहीतर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. अशा यंत्रावर तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं घ्यायचं, ही त्या काळची नेहमीची युक्ती. एकदा उतरवलं की ड्रम जड झाला म्हणून तो एकटा कमी करता येत नाही. एवढं असून ही तबकडी अवघडलेली वाटत नाही, चौघं हसतखेळत वाजवताहेत असंच वाटतं. ऱ्होड्सची सुरुवात ड्रमवाला म्हणून झाली होती, त्याचा यात मोठा हात असावा.

असं काम वेळ खातं. चौघांनी एका दुपारी मिळून जे वाजवावं, ते एकट्यानं एकामागून एक वाजवायचं. आणि डनहिल या कंपनीशी त्याचा करार होता दर सहा महिन्यांनी एक अल्बम देण्याचा! सही करताना वीस वर्षांच्या पोरानं कलमं काय वाचली असतील? पण कंपनीतल्या जाणत्यांना तरी हा हिशेब कळायला हवा होता. पहिली तबकडी बिलबोर्डच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत चढली. त्याच सुमारास ए अँड एम या त्याच्या आधीच्या कंपनीनं जुनी रेकॉर्डिंगं झटकून ‘द अमेरिकन ड्रीम’ नावानं बाजारात आणली. आता नवी एलपी नेमकी कोणती, हे गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं? पुढचा अल्बम मुदतीत आला नाही, तेव्हा डनहिलनं त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि रॉयल्टी अडवून ठेवली. ‘मिरर’ १९७१ मध्ये आला, ‘फेअरवेल टू पॅराडाइज’ १९७३ मध्ये. विक्री उतरतच गेली. नंतर तो दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसू लागला.

२००१ च्या ‘द रॉयल टेनेनबॉम्स’ या चित्रपटात त्याचं ‘ललबाय’ वाजलं आणि काही नव्या कानांवर ते नाव पडलं. पुढचा अल्बम, ‘रेनबो एंड्स’, यायला मात्र २०१६ उजाडलं. त्यात एमी मान, सुझाना हॉफ्स, जॉन ब्रायन अशी पुढच्या पिढीतली मंडळी गायला-वाजवायला आली, त्याची गाणी ऐकून त्याला मानणारी. २०२० मध्ये ऱ्होड्स गेला. ‘रेनबो एंड्स’मधला आवाज थकलेला आहे आणि शब्द कडवट आहेत, समीक्षकांनी तरीही त्याचं कौतुक केलं. ते मला पटतं. त्या गाण्यांत एकाची लय दुसरा सावरून घेताना ऐकू येते, आणि १९७० च्या सफाईपुढेही मला ती सावरासावर कमी वाटत नाही.